पाणी सोडलं नाही का अजून?

प्रश्न : आम्ही पंचवटीत राहतो. मुलं ६ आणि ११ वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखतात. जोडून तीन दिवस सुट्टी आहे. समुद्रकाठच्या रिसॉर्टवर जायचंय. यांचा हट्ट गोव्याचा. काय करू?

उत्तर : ताई, तीन दिवसांत गोवा म्हणजे निम्मी सुट्टी गाडीतच. त्र्यंबक-जव्हारवरून डहाणू-बोर्डी गाठा, दीडशे किलोमीटरच्या आसपास. डहाणू आणि नाशिक दोन्ही २० अंश अक्षांशाजवळ, तरी तिथला घाम वेगळाच! सुती कपडे न्या.

खोली ठरवण्याआधी भरतीची वेळ बघा. आम्ही बघितली नव्हती. जाहिरातीत खिडकीखाली लाटा होत्या. दुपारी पोचलो तर समोर नुसती ओली वाळू आणि लांबवर पाण्याची रेघ. धाकटा म्हणाला, "आई, पाणी सोडलं नाही का अजून?" गंगापूर धरणाची सवय, दुसरं काय! बोर्डीचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी फार आत जातं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते. पाणी ओसरू लागलं की मुलांना आत सोडू नका, ओढ जाणवते.

सासूबाईंसाठी तळमजला मागा, आणि फोनवर पायऱ्या किती ते मोजून घ्या. "दोनच" म्हणतात, निघतात अकरा. येताना घोलवडचे चिकू आणा, पण कडक बघून. घाटात पिकलेल्यांचा लगदा होतो.