कॅज्युअल्टीची सीट घेऊ का?

प्रश्न: सर, मी अंबाजोगाईला इंटर्नशिप करायलोय. नीट पीजीची रँक मधलीच आलीय, मेडिसिन काही हाती लागत नाही, पण इमर्जन्सी मेडिसिनची एमडी मिळेल असं सिनियर म्हणायलेत. वडील म्हणतात, तीन वर्षं अजून शिकून शेवटी सीएमओच (कॅज्युअल्टीतला ड्युटी डॉक्टर) व्हायचं तर आत्ताच हो की. काय करू?

उत्तर: वडिलांवर चिडू नका. त्यांनी आयुष्यभर कॅज्युअल्टी म्हणजे पट्टी, टीटीचं इंजेक्शन आणि "वर वॉर्डात न्या" एवढंच बघितलंय. एमसीआयनं (तेव्हाची मेडिकल कौन्सिल) ही ब्रांच वेगळी म्हणून मान्य केली तीच 2009 मध्ये, त्यामुळं गावाकडं अजून कुणाला माहीत नाही यात नवल काय.

आता फरक सांगतो. पावसाळ्यातली रात्र, पहाटेचे पावणेतीन, ऊसतोड कुटुंबातली एक पोरगी आणली. जमिनीवर झोपली होती, पोट दुखतंय म्हणून उठली. चावल्याची खूण कुठंच नाही, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन कुणीही घरी पाठवलं असतं, पण पोरगी नीट वर बघेना, पापण्या जड. एका दमात आकडे मोजायला लावले तर अकरापर्यंत गेली, वीस मिनिटांनी सहावरच दम संपला. मण्यार. रक्त गोठायची टेस्ट नॉर्मल येते कारण या सापाचं विष नसांवर जातं, रक्तावर नाही. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरचं औषध) दहा व्हायल लावल्या पण श्वास थांबायची वाट बघायची नसते, श्वासनलिकेत ट्यूब टाकायची. तिसऱ्या दिवशी ट्यूब निघाली आणि तिनं पहिलं काय मागितलं तर भजी. हे करायला येणं म्हणजे ही ब्रांच.

आणि कॉलेज निवडताना माझ्या मते एकच प्रश्न कामाचा: ती ट्यूब तिथं कोण टाकतं? जेआर (पीजी करणारा ज्युनियर रेसिडेंट) टाकतो आणि सिनियर शेजारी उभा असतो, का भूलतज्ज्ञाला कॉल करून सगळे वाट बघत बसतात? बाकी किती मजले, किती बेड हे वेबसाईटवर असतंच. मी शिकलो तिथं पहिले सहा महिने आम्ही नुसते एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद भरले आणि पेशंट "कुणाच्या युनिटचा" यावर दोन डिपार्टमेंटची भांडणं सोडवली, हे मला चॉईस फिलिंगच्या (कॉलेजांची पसंती भरायच्या) आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून सरळ जा, रात्री अकराला जा, जेआर-टूला (दुसऱ्या वर्षाच्या जेआरला) चहा पाजा आणि विचारा. सोनोग्राफी मशीन कॅज्युअल्टीतच आहे का, आणि असलं तर किल्ली कुणाच्या कपाटात, हेपण विचारा, हसू नका.

वडिलांना एवढं सांगा की एमडीनंतर एक वर्ष सिनियर रेसिडेन्सी केली की असिस्टंट प्रोफेसर होता येतं, आणि पुढं शिकायचंच असलं तर क्रिटिकल केअरच्या डीएमचा (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री) रस्ता उघडा आहे.

प्रश्न: एमडी की डीएनबी? एक खाजगी हॉस्पिटल नीटशिवाय तीन वर्षांचा इमर्जन्सीचा कोर्स देतंय, विदेशी युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट आहे म्हणे. — परभणी

उत्तर: एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा बोर्डाची पीजी डिग्री) दोन्ही चालतात, दोन्ही नीट पीजीतूनच. डीएनबीच्या सीटा एमसीसीच्या (केंद्राची कमिटी) काउन्सेलिंगमधून भरतात, राज्याच्या कोट्यातल्या एमडीच्या सीटा राज्याच्या सीईटी सेलकडून, तेव्हा दोन्हीकडं रजिस्ट्रेशन करून ठेवा, एकीकडची तारीख हुकली की रडत बसणारे दरवर्षी भेटतात. त्या खाजगी कोर्सबद्दल जरा कडक बोलतो. काम शिकायला मिळेल, कदाचित चांगलंही मिळेल, पण असे कोर्स एनएमसीच्या (एमसीआयच्या जागी आलेलं कमिशन) मान्य पीजी डिग्रीत बसत नाहीत. कॉलेजात शिकवता येणार नाही, पाटीवर स्पेशालिस्ट लिहिता येणार नाही. फी भरण्याआधी त्यांना "एनएमसीत याची नोंद होते का" हे लेखी विचारा, फोनवरचं उत्तर धरू नका.

प्रश्न: डॉक्टर, लग्न झालंय, लेकरू दीड वर्षाचं आहे. झेपेल का? — लातूर

उत्तर: ताई, शिफ्ट संपली की हँडओव्हर देऊन घरी, घरी आल्यावर फोन वाजत नाही, हे सर्जरीवाल्यांच्या नशिबात नाही. पण नाईट येणारच, दिवाळीलापण येणार, आणि सकाळी झोपायला घरात कुणीतरी लेकरू सांभाळणारं लागतं, सासूबाई असोत की आई, त्याचं आधी ठरवा. थीसिस आहेच. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात डीआरपीचं (प्रत्येक पीजीला सक्तीचं) पोस्टिंग असतं, ते तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीही लागतं आणि जिल्हा तुमच्या सोयीचाच मिळेल असं नाही, तेव्हा लेकराच्या शाळेची ॲडमिशन त्या वर्षात येते का ते मोजून बघा.