नोकरी धरली तर डिसेबिलिटीचा चेक लगेच बंद होतो का?

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहते. ग्रीनकार्डधारक आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारामुळे २०२२ पासून मला सोशल सिक्युरिटीची डिसेबिलिटी, म्हणजे एसएसडीआय, मिळते. माझ्या मुलालाही त्यातून थोडी रक्कम येते. आता एका डेंटिस्टकडे हिशेबाचं अर्धवेळ काम मिळतंय, पगार महिना १,९५० डॉलर. यजमान म्हणतात, चेकही जाईल आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमाही, नको त्या भानगडीत पडू. ओळखीचे एक दुकानदार रोखीने पगार द्यायला तयार आहेत. २०२३ च्या टॅक्स सीझनमध्ये तीन महिने १,२०० डॉलरवर काम केलं होतं, बाकी काही नाही. काय करावं?

उत्तर: ताई, डेंटिस्टकडचं काम घ्या. दुकानदारांना आजच नाही म्हणून टाका.

आधी तुमच्या यजमानांच्या भीतीबद्दल, कारण ती अनेक घरांत आहे. एसएसडीआयमध्ये पहिल्या पगारालाच चेक थांबत नाही. नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते, तिला ट्रायल वर्क पीरियड म्हणतात. या महिन्यांत पगार कितीही असो, चेक पूर्ण येतो, मुलाचाही येतो. २०२६ मध्ये ज्या महिन्यात १,२१० डॉलरपेक्षा जास्त कमाई होते, तो महिना या नऊत धरला जातो. हे महिने सलग असावे लागत नाहीत, साठ महिन्यांच्या पट्ट्यात कुठेही आले तरी मोजले जातात.

म्हणूनच तुमच्या पत्रातली शेवटी ओझरती आलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२३ मध्ये ही मर्यादा १,०५० डॉलर होती आणि तुम्ही १,२०० कमावत होतात. म्हणजे नऊपैकी तीन महिने तेव्हाच खर्ची पडले, हातात उरले सहा. ते काम तेव्हा कळवलं नसेल तर आता कळवा, घाबरू नका. ट्रायलच्या महिन्यांचा चेक तुमच्या हक्काचाच असतो. पण तुम्ही नऊ महिने धरून चाललात आणि त्यांच्या हिशेबात सहाच निघाले, तर मधल्या फरकाची रक्कम पुढे वसुलीच्या पत्राने परत मागितली जाते. माझ्याकडे या विषयातली जी प्रकरणं येतात, त्यांतली बहुतेक नेमकी अशी असतात. लबाडी कुणीच केलेली नसते, फक्त महिने चुकीचे मोजलेले असतात.

समजा, तुम्ही मार्चपासून रुजू झालात. ऑगस्टअखेर ट्रायल संपेल. त्यानंतर दुसरी मर्यादा लागू होते, २०२६ साठी १,६९० डॉलर. तुमचा पगार तिच्या वर आहे. तरीही सप्टेंबर आणि पुढचे दोन महिने चेक मिळतो. त्यानंतर ज्या महिन्यात मर्यादा ओलांडाल, त्या महिन्याचा चेक तुम्हाला आणि मुलाला मिळणार नाही.

आता खरी सल्ला घेण्याची जागा येते. १,६९० शी तुलना करताना पूर्ण पगार धरायचा नसतो. आजारामुळे, काम करता यावं म्हणून, तुम्ही स्वतःच्या खिशातून जो खर्च करता आणि जो कुणी भरून देत नाही, तो वजा होतो. एमएसच्या औषधांचा तुमच्या वाट्याचा भाग यात बसतो. आजारामुळे बस किंवा ट्रेनने जाणं शक्य नसेल तर पॅराट्रान्झिट (अपंगांसाठीची वाहनसेवा) वा टॅक्सीचं भाडंही बसतं. स्वतःच्या साध्या गाडीचं पेट्रोल मात्र बसत नाही. उदाहरणार्थ, प्रवासाचे १८० आणि औषधांचे ११० डॉलर वजा केले तर १,९५० चे १,६६० होतात, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि चेक चालू राहतो. पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. ही वजावट ट्रायलच्या महिन्यांना लागू नाही, तिथे पूर्ण पगारच धरतात.

मेडिकेअरची काळजी तर सोडाच. ट्रायलनंतर किमान ९३ महिने, म्हणजे पावणेआठ वर्षं, ती चालू राहते. फक्त पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा विमा देणाऱ्या भागाचा हप्ता, २०२६ मध्ये २०२.९० डॉलर, आज चेकमधून कापला जातो. चेक थांबला की त्याचं बिल टपालाने येतं. ते भरायचं राहिलं तर पार्ट बी हातचं जातं.

आपल्या मंडळींत असंही पसरलेलं आहे की बँकेत दोन हजारांवर रक्कम गेली की सगळं बंद. तो नियम एसएसआयचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या वेगळ्या योजनेचा, तुमच्या एसएसडीआयचा नाही.

रोखीच्या कामाबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. कमाई लपवणं हा संघीय गुन्हा आहे आणि फसवणुकीचा ठपका ग्रीनकार्डवरही येऊ शकतो. शिवाय त्या कामाचे सोशल सिक्युरिटी क्रेडिट तुमच्या नावावर जमा होत नाहीत. दुकानदारांचं काही बिघडत नाही असं नाही, पण सर्वांत जास्त तुमचं बिघडेल.

रुजू होण्याआधी सोशल सिक्युरिटीकडे बीपीक्यूवाय नावाचं पत्रक मागा. तुमचे किती ट्रायल महिने वापरले गेले, याची त्यांच्या दफ्तरी असलेली नोंद त्यात असते. मग तिकीट टू वर्क या, डिसेबिलिटी घेणाऱ्यांना कामावर परतायला मदत करणाऱ्या, सोशल सिक्युरिटीच्या योजनेच्या हेल्पलाइनला, १-८६६-९६८-७८४२ वर, फोन करा आणि बेनिफिट्स कौन्सेलिंग हवं असं सांगा. हा सल्ला मोफत असतो आणि ते समुपदेशक तुमच्या पगाराचा, खर्चाचा, मुलाच्या रकमेचा महिन्यावार आराखडा लेखी देतात. इंग्रजीत अवघड वाटलं तर सोशल सिक्युरिटी दुभाषा विनामूल्य देते, मागायला संकोच नको. नोकरी लागल्याचं लगेच कळवा, त्यानंतर पगार दर महिन्याला कळवा, आणि प्रत्येक वेळी पोच घ्या. ती देणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. कळवूनही न मिळायला हवा तो चेक खात्यात आला तर खर्च करू नका, बाजूला ठेवा.

आणि आजार पुन्हा उसळला तर? ट्रायलनंतरच्या ३६ महिन्यांत कमाई मर्यादेखाली आली की नवा अर्ज न करता चेक सुरू होतो. त्याहीनंतर, कामामुळे हक्क संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, त्याच आजारासाठी जलद पुनर्स्थापना, म्हणजे चेक पुन्हा सुरू करणं, मागता येते आणि निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती रक्कम मिळते. यजमानांना हा भाग आधी वाचून दाखवा.