सुताची गोधडी घरीच राहू द्या

अमेरिकेतल्या मेरीलँडहून एका बाईंचं चार पानी पत्र आलंय. माहेर शिरपूर, सासर पारोळा, म्हणजे आपल्यातल्याच. लिहितात, "ताई, मन्हा आंडोर आयकत नही. वय २६. जानेवारीत एकटाच कनू (वल्ह्याची निमुळती होडी) घेऊन क्रिसफील्डजवळच्या जेन्स आयलंडला जाणार, तीन रात्री तंबूत राहणार म्हणतो. कडेला बर्फ धरतो तिथे! सासूबाईंनी पारोळ्याहून जुन्या लुगड्यांची गोधडी पाठवली, मी सुती बनियनचे सहा जोड आणले, तर दोन्ही नको म्हणतो. मायेची काही किंमत?"

बाई, रागावू नका, पण पोरगा शहाणा आहे. चार पानांत बनियन सात वेळा आलं, लाइफ जॅकेट एकदाही नाही.

माझा जन्म चोपडा तालुक्यातल्या कपाशीच्या शेतातला. वडिलांचा कापूस जिनिंगला जायचा, त्यावरच आम्ही चौघं शिकलो. त्यामुळे मी कापसाविरुद्ध बोलले की आमच्याकडे भाऊबंद तोंड फिरवतात. तरी पुन्हा सांगते. मे महिन्यात आपले लोक पंचा ओला करून डोक्याला का गुंडाळतात? सूत पाणी धरून ठेवतं, ते हळूहळू उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. ४५ अंशांत त्याच्यासारखं सुख नाही. तोच पंचा जानेवारीत अंगाला चिकटला की काय होईल? भिजलेल्या सुतात ऊब राहतच नाही. लोकर ओली झाली तरी तिच्या कुरळ्या तंतूंत थोडी हवा उरते, म्हणून थोडी ऊबही उरते. हे मेंढपाळाला कळतं, आपल्याला मुलाला थंडीत धाडताना कळत नाही.

आमच्या घरचंच सांगते. १९९८चा नोव्हेंबर, आम्ही तेव्हा बाल्टिमोरला. हे चेसापीक उपसागराच्या एका खाडीवर गळ टाकायला गेले. अंगात सुती स्वेटशर्ट आणि जीन्स. चिखलात पाय घसरला, कमरेएवढ्या पाण्यात गेले, दोन-तीन मिनिटांत बाहेरही आले. गाडी पन्नास पावलांवर उभी. पण ओल्या जीन्सच्या खिशातली किल्ली काढता येईना! बोटं वळतच नव्हती. एका अनोळखी माणसानं काढून दिली. त्या दिवसापासून आमच्या घरात जीन्स घालून पाण्याकाठी जायला बंदी आहे. हे अजून म्हणतात, मी उगाच वाढवून सांगते. किल्ली कुणी काढली ते मात्र सांगत नाहीत.

गारठ्याचा शरीरावर काय परिणाम होतो ते अभ्यासणारे, कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हा हिशेब १-१०-१ असा मांडलाय. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट धापेचं. त्यात नाकातोंडात पाणी गेलं तर पुढचं काही उरत नाही, म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीच्या तळाशी नाही. नंतरची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे. शुद्ध हरपायला तासभर लागतो. माणूस गारठून मरण्याआधी बहुतेक वेळा बुडूनच मरतो, बाई. पोरगा एकटा आहे, किल्ली काढून द्यायला तिथे कुणी नाही.

तेव्हा बनियनचे पैसे परत घ्या आणि त्याला ड्रायसूटला, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या अंगभर पोशाखाला, हातभार लावा. महाग आहे, माहीत आहे. लग्नाच्या हॉलवर आपण काय उधळतो तेही माहीत आहे. आत लोकरीचे कपडे, आणि एक पूर्ण कोरडा जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, होडीला बांधलेला. मोजेसुद्धा लोकरीचे.

बाकीचं थोडक्यात. भरती-ओहोटी तो बघेलच, पण वायव्येचा वारा लागून राहिला की उपसागराचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खाजणातल्या चिंचोळ्या वाटा कोरड्या पडतात, हे माहीत आहे का ते त्याला विचारा. पातळ बर्फावर वल्हं चालत नाही आणि पायही ठरत नाही, तेव्हा बर्फ दिसला की मागे फिरायचं. पिण्याचं पाणी घरून, तिथलं खारट. कुठे उतरणार, कुठे निघणार, किती वाजता फोन करणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. ती वेळ टळली तर मावशीला नाही, ९११ला, तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन.

"अहिराणी बोलत नाही" आणि "मुलगी बघायला तयार नाही" यावर दोन पानं आहेत. पुढे कधीतरी.

सासूबाईंना गोधडी परत पाठवू नका, त्यांचा जीव दुखावेल. ती गाडीत, मागच्या सीटवर ठेवायला सांगा. तीन रात्रींनी अंग पुसून, कोरडा होऊन येईल, तेव्हा पांघरेल.