सुईदोरा: पतंगासारखा झालेला मोर, चुकलेली पाकळी आणि भाचीचं रुखवत

ताई, पहिल्यांदाच जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीने मोर भरला, दोन महिने लागले. फ्रेम नव्हती, हातातच धरून भरला. आता चौकोन राहिलाच नाहीये, एक कोपरा वर पळालाय, अगदी पतंग. इस्त्री करूनही सरळ होत नाही. फुकट गेलं का सगळं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

अहो काही फुकट गेलेलं नाही, आणि आधी ती इस्त्री बाजूला ठेवा, लोकर चपटी होते त्याने. असं का झालं ते सांगते. तुमचे सगळे टाके एकाच बाजूला तिरके आहेत आणि तुम्ही आडव्या ओळीत भरत गेलात, म्हणजे प्रत्येक टाक्याने कॅनव्हास थोडा थोडा एकाच दिशेला ओढला, हजारो टाक्यांची ओढ मिळून मोर कलला. कॅनव्हासला खळ असते, ती पाण्याने मऊ पडते आणि वाळली की परत कडक होते, आपल्याला हेच वापरून घ्यायचंय.

पण त्याआधी एक काम विसरू नका, पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर दाबून बघा. माझ्या एका जुन्या तुकड्याच्या मरून धाग्याने रुमालावर गुलाबी डाग पाडला होता, तेव्हा मी पाण्याचा नाद सोडला म्हणून तो वाचला, नाहीतर पांढरा हंस गुलाबी झाला असता. कॅनव्हासवर पेनने नक्षी काढली असेल तर ती शाईसुद्धा तपासा.

रंग पक्का असला की सॉफ्टबोर्डवर कागद लावून गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, अचूक चौकोन आखा, वर पारदर्शक प्लास्टिक घाला. मोर मागून पाण्याचा फवारा मारून ओलसर करा, निथळेल इतका नाही. मग उलटा ठेवून जो कोपरा पळालाय त्याच्या विरुद्ध दिशेला कर्णावर हळूहळू ओढा आणि न गंजणाऱ्या टाचण्या कडेच्या कोऱ्या पट्टीत अर्ध्या-अर्ध्या इंचावर लावत जा. पंख्याखाली सावलीत दोन दिवस राहू द्या, पावसाळ्यात तीन. पूर्ण वाळल्याशिवाय टाचणी काढायची नाही, मला माहितीये हात शिवशिवतात पण नाही. खूप कललेला असेल तर हेच दोनदा करावं लागतं.

पुढच्या वेळी चित्राभोवतीची रिकामी जागा भरताना तिरप्या ओळीत जा, खाली उतरताना सुई उभी, वर चढताना आडवी. मागच्या बाजूला टोपलीसारखी वीण दिसते आणि कॅनव्हास जवळजवळ कलतच नाही. उठताना ओळ मध्येच सोडा, म्हणजे परत बसल्यावर चढत होतो की उतरत होतो ते कळतं, एकाच दिशेच्या दोन ओळी शेजारी आल्या तर पुढून रेघ दिसते.

एका पाकळीत चुकीचा गुलाबी भरला गेला आणि आता आजूबाजूचं सगळं भरून झालंय. उसवू का तसंच ठेवू?
— तिलकनगर, इंदूर

दोन-चार टाकेच असतील तर बरोबर रंगाचा कमी पदरी धागा त्यावरूनच भरा. जास्त असतील तर उसवाच, रोज ती पाकळीच डोळ्यात येईल. सुईने उलटं उसवत बसू नका, टोकदार कात्रीने पुढून टाके एकेक कापा आणि मागून चिमट्याने तुकडे काढा. दोन्ही बाजूंचे तीन-चार चांगले टाकेही सोडवावे लागतील, त्याशिवाय धाग्याची टोकं मागे इंचभर अडकवायला मिळत नाहीत. काढलेला धागा परत वापरू नका, तो विरलेला असतो.

आणि कात्रीने कॅनव्हासचाच दोरा कापला गेला तर घाबरू नका. त्याच मापाच्या कॅनव्हासचा दोन इंची तुकडा मागे ठेवा, भोकावर भोक नीट जुळवा आणि दोन्हींमधून एकत्र भरा, पुढून कुणाला कळणारही नाही.

ताई, धागा भरता भरता फुसफुशीत होतो, काय करू?

लांब घेताय. 18 इंचांच्या वर धागा घेऊ नका, आणि मध्येमध्ये सुई खाली लोंबकळत सोडा, पीळ आपोआप सुटतो.

भाचीचं लग्न आहे, रुखवतात उशी आणि फ्रेम सोडून काय ठेवता येईल?
— एक मावशी, वडोदरा

माझं मन तर महेश्वरी साडीच्या काठावर आहे. इंदूरच्या शीतलामाता बाजारात साड्या बघताना काठ नीट निरखा, चटई, वीट, लहर, हे नमुने महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवरून आलेत असं सांगतात आणि चौकोनी घरांत इतके चपखल बसतात की आलेखाच्या कागदावर लगेच उतरवता येतात. एका इंचात 14 भोकांचा कॅनव्हास घेतलात तर 84 टाक्यांत सहा इंच रुंदी होते. लांब पट्टी भरून दाराचं तोरण करा, किंवा लाकडी ट्रेमध्ये काचेखाली बसवा म्हणजे चहा सांडला तरी चिंता नाही, किंवा पूजेच्या आसनाला चारी बाजूंनी लावा, मधे साधं खणाचं कापड.

कडेला कोरा कॅनव्हास निदान दोन इंच सोडा आणि शिंप्याकडे देण्याआधी शिवणीच्या रेषेबाहेर दोन जादा ओळी भरा, त्या शिवणीत जातात, नाहीतर काठावर पांढरी जाळी डोकावते. शिंप्याला सांगा की कोपरे तिरके कापण्याआधी तिथे मशीनची दुहेरी शिलाई मार, कॅनव्हास फार पटकन उसवतो.