छोट्या रेसलिंग शोसाठी एंट्री म्युझिक कसं निवडायचं आणि मॅचेसचा क्रम कसा लावायचा?

तुमचा प्रश्न असा की नागपुरात दहा-बारा पोरं मिळून प्रो रेसलिंगचा छोटा शो बसवून राहिलो, प्रत्येकजण आपापल्या आवडीचं गाणं घेऊन आलाय, तर कोणाला कोणतं द्यायचं आणि कार्ड, म्हणजे मॅचेसचा क्रम, कसं लावायचं. मी साउंडचं काम करतो, लग्न, गॅदरिंग, गणपती सगळंच, आणि ओळखीच्या एका ग्रुपचे रेसलिंगचे शो झाले की कन्सोलवर मीच असतो, त्यामुळे रिंगमध्ये मी कधी उतरलो नाही पण पब्लिक केव्हा उठते आणि केव्हा मोबाइल काढते हे त्या पोरांपेक्षा मला जास्त दिसतं.

पहिलं म्हणजे भाऊ, पोरांना स्वतःचं गाणं स्वतः निवडू देऊ नका. पोरगा जिममध्ये जे ऐकतो तेच आणतो आणि मग बारापैकी आठ जणांचं एकसारखंच धाडधाड, कोण आलं काही कळत नाही. एंट्रीचं गाणं पैलवानाला जोश यावा म्हणून नसतंच, आता काय करायचं ते पब्लिकला कळावं म्हणून असतं. उठून ओरडायचं, हूट करायचं, नाचायचं का गप बसून पाहायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी अर्धं काम आपोआप होतं.

आणि ते पहिल्या दोन-तीन सेकंदांत कळलं पाहिजे. टीव्हीवरच्या स्टोन कोल्ड नावाच्या रेसलरच्या गाण्यात काच फुटली की झालं, त्याच्या पुढची गिटार कोणाला आठवते? दुसरा रेसलर अंडरटेकर, त्याच्या घंटेचा एक टोल पडला की अख्खं स्टेडियम चूप, आणि त्यानंतर जी धून येते तिच्यात जुना संगीतकार शोपॅंची अंत्ययात्रेची धून आहे, जी शोपॅं १८४९ मध्ये वारला त्याच्याही आधीची. ह्या दोन्ही एंट्र्या जिम जॉन्स्टनच्या, हा माणूस तीसेक वर्षं डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीसाठी हेच करत होता. तुम्ही असं करा, गाण्याचे फक्त पहिले तीन सेकंद घरात दुसऱ्या खोलीतून वाजवा आणि आईला नाहीतर लहान भावाला विचारा, आता जो येणार तो चांगला का वाईट? उत्तर आलं नाही तं गाणं बदला, किंवा निदान कापा. बऱ्याच गाण्यांत सुरुवातीचे वीस-पंचवीस सेकंद नुसतं वातावरण बनत राहते, टीव्हीवर ते चालून जातं कारण तिथं रॅम्प लांब, लाइट, धूर, आतिषबाजी सगळं असतं. आपल्याकडे पडद्यापासून रिंग पंधरा-वीस पावलं. गाणं रंगात येईपर्यंत पोरगा दोर ओलांडून आत उभा असतो आणि मग काय करावं ते न सुचून उगाच दंड दाखवत राहतो.

हीलची, म्हणजे व्हिलनची एंट्री सगळ्यात अवघड असते, कारण प्रत्येक हीलला मनातून हीरोच व्हायचं असतं आणि तो गुपचूप असं गाणं आणतो ज्याच्यावर पोट्टे नाचतात. मग तो आत येऊन कितीही घाण करो, पब्लिक त्याच्याच बाजूची. नागपूरकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, निघते तेव्हा तिला पाहून कोणी टाळ्या वाजवत नाही, 'घेऊन जा गे मारबत' असंच ओरडतात, लहान पोरालाही माहीत असते काय ओरडायचं. हीलचं गाणं तसं पाहिजे. ते भयानकच असावं असं नाही, उलट चिडवणारं असलं तं जास्त चालते, संथ, लाडावलेलं, जरा जास्तच श्रीमंती. अमेरिकेत १९४०-५० च्या दशकात गॉर्जियस जॉर्ज नावाचा रेसलर होता, सोनेरी कुरळे केस, झगझगीत झगे, त्याचा नोकर रिंगमध्ये अत्तर फवारायचा आणि हा इंग्रज संगीतकार एल्गारच्या 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' मार्चवर राजासारखा चालत यायचा. लोक नुसते जळायचे. मजा म्हणजे १९८० च्या दशकात रँडी सॅव्हेज या रेसलरनं तीच धून घेतली आणि पुढे त्याच धुनेवर लोक त्याला डोक्यावर घ्यायला लागले. म्हणजे धून तीच, पण माणूस तिच्यावर चालतो कसा त्यावर ठरते. म्हणून गाणं फायनल करायच्या आधी पोराला त्यावर चालायला लावा. बसून ऐकलेलं गाणं आणि चालून पाहिलेलं गाणं यांत लय फरक पडतो.

दुसऱ्यासाठी ठेवलेलं गाणंही कधी कधी बसून जातं. हल्क होगनचं 'रिअल अमेरिकन' आपल्याला त्याचंच वाटतं, पण ते मुळात बॅरी विंडहॅम आणि माइक रोटुंडाच्या टीमसाठी होतं, १९८५ च्या अल्बमवर आलं, ती टीम गेली आणि गाणं होगनकडे आलं. त्यामुळे एखाद्याचं गाणं त्याला शोभत नसेल तं फेकू नका, ग्रुपमध्ये दुसऱ्याला देऊन पाहा.

शब्दांचं म्हणाल तर ते दुय्यम. २०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा मोठा शो रेसलमेनिया झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या रॉ या टीव्ही कार्यक्रमात फँडँगो या रेसलरची धून पब्लिकनं स्वतःच गायला सुरुवात केली, शब्द नाहीत काही नाहीत, नुसतं गुणगुणणं, आणि एका साध्या नाचऱ्या पात्राचा त्या आठवड्यात भाव वधारला. तुमच्या फेसला, म्हणजे हीरोला, असंच काही द्या जे पब्लिकला दुसऱ्यांदा ऐकल्यावर तोंडानं वाजवता येईल. खलीमुळे पंजाबी ढोल लावला की झाली देशी एंट्री असं बऱ्याच पोरांना वाटते. अरे पण आपल्याकडे संदल, म्हणजे मिरवणुकीतलं ढोलांचं पथक, आहे ना! गणपतीत संदल वाजायला लागला की म्हातारेही खांदे हलवतात. चार वादक पडद्यामागून वाजवतच बाहेर आणा, हीरो त्यांच्यामागे, आणि वादक रिंगच्या कोपऱ्यात थांबले की एकदम बंद. असली एंट्री शोमध्ये एकच ठेवा, दोन केल्या तर दुसरीची मजा गेली. आणि एक माझं स्पष्ट मत, महाराजांचं गाणं, देवाचं गाणं, जयंतीला वाजतं ते गाणं रेसलिंगला लावूच नका. तो पोरगा त्या दिवशी हरणार असेल, तोंडावर खुर्ची खाणार असेल, तर ते गाणं त्याच्यासोबत खाली पडते आणि मग खुर्च्या रिंगबाहेर उडतात.

हक्कांचं थोडक्यात सांगतो कारण कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. तिकीट लावून जाहीर कार्यक्रमात फिल्मी गाणी वाजवायची तर लायसन्स लागते, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल आणि गीत-संगीतासाठी आयपीआरएस या दोन संस्थांचे दरवाजे आधी ठोठवा, गाणं कोणत्या कंपनीचं आहे त्यावर आणखीही कुठं विचारावं लागू शकते. जुनी शास्त्रीय पाश्चात्त्य धून घेतली तर सोपं पडते, भारतात रचनेवरचा हक्क संगीतकार गेल्यावर ६० वर्षं राहतो, एल्गार १९३४ मध्ये गेला म्हणजे रचना मोकळी, पण यूट्यूबवरचं कोण्या ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग मोकळं नाही, ते वेगळं. कीबोर्डवाल्या मित्राकडून स्वतः वाजवून घ्या. शोचा व्हिडिओ टाकायचा असेल तर हे आणखीच महत्त्वाचं, ईसीडब्ल्यू या जुन्या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा सँडमॅन मेटॅलिका बँडच्या 'एंटर सँडमॅन'वर पब्लिकमधून बिअर पीत यायचा, ती काय एंट्री होती, आणि नंतर डीव्हीडीवर हक्क नसल्यानं तिथं दुसरंच गाणं टाकावं लागलं. पाहताना जीव तुटतो.

आता शो. क्रम पहिल्या मॅचपासून लिहू नका, शेवटापासून लिहा. पब्लिक घरी जाताना कोणत्या मूडमध्ये पाहिजे ते ठरवा, मग मेन इव्हेंटचा, म्हणजे शेवटच्या मोठ्या मॅचचा, फिनिश (कोण कसा जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं), मग त्याला कारण देणारी मॅच मध्ये कुठं, आणि सगळ्यात शेवटी ओपनर. पहिली मॅच वेगवान आणि सोपी, ओळखीचा चांगला पोरगा जिंकतो, पब्लिकचा गळा मोकळा होतो. हील मधल्या मॅचेसमध्ये जिंकू द्या, राग साठला पाहिजे. मेन इव्हेंटच्या अगदी आधी एक हलकी मॅच, विनोदी असली तरी चालेल, नाहीतर लोक शेवटच्या मॅचला दमलेले असतात. साधारणपणे हील आधी येतो, फेस नंतर, आणि बेल्ट असेल तर चॅम्पियन शेवटी.

वेळेचा हिशोब मात्र बहुतेक लोक करतच नाहीत. सहा मॅचेस म्हणजे कमीत कमी बारा एंट्र्या, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तरी १८ मिनिटं नुसत्या चालण्यात गेली. १५ मिनिटांचं मध्यंतर, दहा मिनिटं अँकर आणि माइकवरची भांडणं, दहा मिनिटं राखीव कारण काहीतरी होतंच. दोन तासांतून उरले ६७ मिनिटं, त्यात सहा मॅचेस, म्हणजे मेन इव्हेंटला १८ दिली तर बाकीच्यांना सरासरी दहाच्याही आत. पोरांना सांगाल तर म्हणतील आम्हाला वीस मिनिटं पाहिजे, देऊ नका, नवीन पोरं सातव्या मिनिटाला धापा टाकतात आणि दुखापतीही तिथंच होतात. ज्यांना पडायचं शिक्षण नाही त्यांना रिंगमध्ये पाठवूच नका आणि ॲम्ब्युलन्स बाहेर उभी ठेवा, हे काही चर्चेचे मुद्दे नाहीत.

गाण्यांची यादी कार्डाच्या क्रमानं लावून एकदा सलग ऐका, प्रत्येकाचे फक्त पंधरा सेकंद. लागोपाठ तीन सारखे वाटले तर गाणी नका बदलू, मॅचेस हलवा, ते सोपं पडते. मधे एखादा पोरगा बिना गाण्याचा येऊ द्या, बाकी सगळे वाजतगाजत आले असताना एकजण नुसता पावलांच्या आवाजात आला की लोक माना वळवून पाहतात.

साउंडवाल्याला फिनिश माहीत पाहिजे. काही लोक गुप्तता म्हणून सांगत नाहीत आणि तीन मोजल्यावर तो बिचारा दोन फाइल्समध्ये चाचपडत बसतो, तेवढ्यात जिंकलेल्याचा जोश उतरलेला असतो. टीव्हीवाल्यांकडे पडद्यामागे गोरिला पोझिशन नावाची जागा असते, गोरिला मॉन्सून या जुन्या रेसलरच्या नावावरून, तिथून कोण केव्हा जाईल, रेफरीच्या कानात किती वेळ उरला, सगळं चालते. तुमच्याकडे कानातलं यंत्र नसेल तर रेफरीला रिंगच्या एका बाजूनं हातानं इशारा करणारा एक माणूस ठेवा आणि तोच माणूस कन्सोललाही दिसला पाहिजे. मॅचच्या मधेच तिसऱ्याचं गाणं वाजवून लक्ष विचलित करणं हा प्रकार जबरी चालतो, पण अख्ख्या शोमध्ये एकदाच. लॅपटॉप फ्लाइट मोडवर, ब्लूटूथ अजिबात नाही, वायर लावा, सगळी गाणी पेन ड्राइव्हवर दुसऱ्यांदा. सगळ्यांचा आवाज आधीच एका पातळीवर आणून ठेवा, नाहीतर यूट्यूबवरून उतरवलेलं हीरोचं गाणं हीलपेक्षा बारीक वाजते आणि पब्लिकला वाटते हा लहान माणूस आहे.

पोस्टरवर 'कुस्ती' लिहू नका, 'एंटरटेनमेंट रेसलिंग' लिहा. मातीतले जुने पैलवान येतात, 'हे काय करून राहिले बे' म्हणून उठून जातात, आणि त्यांचंही चूक नाही. मोकळ्या मैदानावर करणार असाल तर थंडीत करा, मे महिन्यात इथं कॅनव्हासवर पाठ टेकवणार कोण. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले थोडेसे सवलतीचे दिवस सोडले तर हाच नियम आहे, त्यामुळे सातला सुरू म्हणा, साडेसातला होईल, मेन इव्हेंटची पहिली एंट्री सव्वानऊच्या आत पडलीच पाहिजे.