इफ्लाच्या अध्यक्षपदावर आजवर एकही आशियाई का नाही? २०२१च्या नव्या घटनेने, म्हणजे महासंघाच्या नव्या नियमावलीने, काही फरक पडला का?

आधी हिशेब मांडू. इफ्ला, म्हणजे ग्रंथालय संघटना आणि संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ३० सप्टेंबर १९२७ रोजी एडिंबरोत स्थापन झाला. स्वीडनचे इसाक कोलिन हे पहिले अध्यक्ष. तिथपासून २०२५मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या कॅनडाच्या लेस्ली वेअर यांच्यापर्यंत २५ अध्यक्ष झाले. युरोपचे १५, उत्तर अमेरिकेचे ५, ऑस्ट्रेलियाचे ३, आफ्रिकेचे २. आशिया शून्य, लॅटिन अमेरिकाही शून्य. पहिल्या ७६ वर्षांत तर युरोप आणि अमेरिकेबाहेरचं कुणीच नव्हतं. २००३मध्ये बोत्स्वानाच्या के रासेरोका आल्या, तेव्हा ही साखळी तुटली. २००९मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एलन टाइस आल्या. भारतातून पी. बी. मंगला उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले होते, त्यापुढे कुणी नाही. इफ्लाची १९९२ची वार्षिक परिषद नवी दिल्लीत भरली म्हणून आपलं वजन वाढलं असं काहीजण समजतात. यजमानपद आणि सत्ता यांचा फारसा संबंध नसतो.

आकडे वाचताना एक मेख ध्यानात ठेवा. इफ्लाच्या नकाशात आशिया आणि ओशनिया हा एकच विभाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन मॅकेन्झी (२०१९) किंवा व्हिकी मॅकडॉनल्ड (२०२३) अध्यक्ष झाल्या की कागदावर ‘आशिया-ओशनियाला प्रतिनिधित्व’ अशी नोंद होऊ शकते. पण सिडनीच्या ग्रंथालयाचे आणि ढाक्याच्या ग्रंथालयाचे प्रश्न एक नव्हेत. म्हणून कुठल्याही ‘प्रादेशिक समतोल’ तक्त्यात आधी विभाग कसे पाडलेत ते पाहावं, टक्केवारी नंतर.

आता कारणांकडे येऊ. लोक भेदभावाबद्दल बोलतात. मला विचाराल तर खरी अडचण मतदारयादीतच आहे. इथे मत असतं ते सभासद संघटनांना आणि संस्थांना. व्यक्तिगत सभासदत्व घेतलं म्हणून अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळत नाही. त्यामुळे ज्या देशातल्या जास्त संस्था नियमित वर्गणी भरतात, त्या देशाची मतं जास्त. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं स्थानिक संस्थांनी चालवलेली, अ, ब, क, ड वर्गांच्या अनुदानावर जगणारी. पगाराचीच ओढाताण असलेलं ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय युरोत वर्गणी कशाला भरेल? मोठी विद्यापीठं भरू शकतात, पण तिथे परकीय चलनाच्या मंजुरीची फाइल फिरत राहते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि तिकडचं सभासदत्व कॅलेंडर वर्षाचं. थकबाकीदार राहिलात की मतदान आणि उमेदवाराला अनुमोदन देणं, दोन्ही गेलं.

दुसरी अडचण खर्चाची. समित्यांच्या उमेदवारीत ‘बैठकांना इफ्लावर खर्च न टाकता हजर राहू शकेन’ अशी अपेक्षा वर्षानुवर्षं गृहीत होती. ऑनलाइन बैठकांमुळे हे थोडं सैल झालंय. पण ओळखी होतात त्या वार्षिक परिषदेत, चहाच्या रांगेत, आणि तिथलं विमानभाडं खिशातूनच जातं. शिवाय अध्यक्षपद म्हणजे आधी २ वर्षं नियोजित अध्यक्ष, मग २ वर्षं अध्यक्ष: सरळ ४ वर्षं. इतकी मोकळीक देणारी नोकरी आपल्याकडे किती जणांची असते? अधिकृत भाषा ७ आहेत (अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश). दक्षिण आशियाची एकही नाही, पण हे कारण तुलनेने दुय्यम. आपला ग्रंथपाल इंग्रजीत कमी पडत नाही.

२०२१च्या बदलाने काय झालं? आधी प्रादेशिक विभाग तीनच होते: आफ्रिका, आशिया-ओशनिया, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन. युरोप-उत्तर अमेरिकेला विभागच नव्हता, जणू तेच ‘मुख्य’. आता सहा विभागीय समित्या आहेत. युरोप, उत्तर अमेरिका आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हे वेगळे विभाग झाले आणि सगळ्यांवर एक प्रादेशिक परिषद आली. सुधारणा खरी आहे, पण त्या परिषदेतून नियामक मंडळावर बसतो तो तिचा अध्यक्ष. सहाही विभागांना मंडळावर स्वतःची खुर्ची नाही, आणि महासंघाचा अध्यक्ष अजूनही जगभरच्या एकत्र मतांनीच ठरतो.

कुणाला खरंच आत शिरायचं असेल तर थेट वरची खुर्ची धरू नका. आधी आपली संस्था किंवा संघटना सभासद आहे का आणि वर्गणी चालू आहे का, ते पाहा. मग आपल्या कामाच्या विषयाचा विभाग निवडा, उदाहरणार्थ सार्वजनिक ग्रंथालयं किंवा जतन, आणि त्याच्या स्थायी समितीसाठी उभे राहा. मुदत ४ वर्षांची. निवडणुका विषम सालांत होतात, म्हणजे पुढची २०२७ला. उमेदवारीची तयारी आदल्या वर्षीच लागते, कारण अनुमोदन देणाऱ्या संस्थेच्या सहीला आपल्याकडे सहज दोन महिने जातात. अनुमोदन परदेशातल्या सभासदांकडूनही आणा. एकाच देशाच्या पाठिंब्यावर जागतिक मतदानात टिकाव लागत नाही.

फिरत्या नेतृत्वाचा नमुना पाहायचा तर आग्नेय आशियाच्या ग्रंथपालांची कॉन्साल ही परिषद बघा. १९७०मध्ये सिंगापूरला सुरू झाली. तिथे यजमानपद पाळीपाळीने एकेका देशाकडे जातं आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. मतांची बेरीज करावीच लागत नाही.