स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड की तिसरंच?

जून-जुलै आला की सिडनीतल्या मराठी घरांत दहावीच्या मुलांच्या विषयनिवडीचे फॉर्म फिरायला लागतात आणि अकरावी-बारावीला कुठलं इंग्रजी घ्यावं, स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड की ईएएलडी, हे विचारणाऱ्या पत्रांचा माझ्याकडे ढीग जमतो. नव्या वाचकांसाठी सांगते. मी सांगलीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत होते. इथे आल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाले, पदविका घेतली, आणि गेली अनेक वर्षं पश्चिम सिडनीतल्या एका सरकारी शाळेत, इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना इंग्रजी शिकवते. यंदाच्या पत्रांतली दोन निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर थोडक्यात होईल, दुसऱ्याचं होणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा इथेच जन्मला, दहावीत आहे. गणितात उत्तम, इंग्रजीचा कंटाळा. पुढे कॉम्प्युटर सायन्स करायचं म्हणतो. इंग्रजी सोपं असलेलं, म्हणजे स्टँडर्ड घ्यावं, त्यात नव्वदच्या वर गुण काढावेत आणि सगळा जोर गणितावर लावावा, असा आमचा हिशेब आहे. तसंही इंजिनिअरिंगला इंग्रजी कोण विचारतो?
– कासल हिलचे एक बाबा

उत्तर : हिशेब महाराष्ट्रातला आहे हो. तिथल्या आणि इथल्या परीक्षेचं नाव एकच, एचएससी, म्हणून घोटाळा होतो. तिकडे इंग्रजी पास व्हायचं आणि विसरायचं. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर, आणि बोर्डाचे गुण बघितलेच तर पीसीएमचे. न्यू साउथ वेल्समध्ये उलटं आहे. एचएससीत सक्तीचा विषय एकच, तो म्हणजे इंग्रजी. एटार, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीचा क्रम, काढताना दहा युनिटं धरतात (बहुतेक विषय दोन-दोन युनिटांचे), प्रत्येकी पन्नास, म्हणजे एकूण 500. त्यातली दोन युनिटं इंग्रजीची धरावीच लागतात, गुण कितीही पडलेले असोत. उरलेली आठ सर्वोत्तम निवडतात. म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या भवितव्याचा किमान पाचवा हिस्सा त्या कंटाळवाण्या विषयाच्या हातात आहे. रसायनशास्त्र बिघडलं तर ते बाजूला टाकता येतं, वर एखादा जास्तीचा विषय असला तर. इंग्रजी टाकता येत नाही.

दुसरी गोष्ट नव्वदची. स्टँडर्ड आणि ॲडव्हान्स्डचे गुण एकाच मोजपट्टीवर मांडतात, त्यामुळे स्टँडर्डमध्ये बँड सहा, म्हणजे नव्वद आणि वर, मिळणारी मुलं शंभरात जेमतेम एखादं. सोपं म्हणून घेतलं आणि भरपूर गुण मिळाले, असं तिथे होत नाही. मुलगा इथे जन्मलेला आहे, इंग्रजी त्याला येतं. कंटाळा आणि न येणं यांत फरक असतो. त्याचे नववी-दहावीतले चार निबंध इंग्रजीच्या शिक्षकांपुढे ठेवा आणि ‘ॲडव्हान्स्डमध्ये हा वर्गात साधारण कितवा असेल?’ एवढं एकच विचारा. मधल्या फळीत म्हणाले तर ॲडव्हान्स्ड घ्या. शेवटच्या बाकावर म्हणाले तर स्टँडर्डमध्ये काही कमीपणा नाही. ॲडव्हान्स्डमधून स्टँडर्डला उतरणं सहसा जमतं, वर चढणं अवघड. आणि ट्यूशनमधून पाठ करायला मिळालेले निबंध घरात असतील तर ते रद्दीत द्या. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, हे तपासणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

प्रश्न : ताई, आम्ही इस्लामपूरचे. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये इथे आलो, वेंटवर्थव्हिलला राहतो. मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती (तिच्या शाळेत सेमी आठवीपासून होतं), इथे आठवीत बसली, आता दहावीत आहे. तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचंय. शाळेनं इंग्रजीसाठी ईएएलडी सुचवलंय. माझे मिस्टर म्हणतात, ॲडव्हान्स्डच घ्यायचं, स्केलिंगमध्ये तेच वर जातं. शेजारच्या वहिनी म्हणतात, ईएएलडी म्हणजे कच्च्या मुलांचं इंग्रजी, युनिव्हर्सिटीवाले ते बघून नाक मुरडतात. मुलगी काहीच बोलत नाही, नुसती रडते. तिनं लिहिलेलं एक पान सोबत पाठवते.
– एक आई

उत्तर : ताई, आधी त्या पानाबद्दल. आजी जुन्या साड्यांची गोधडी शिवतेय, आणि लेक शेजारी बसून कुठला तुकडा कुणाच्या लग्नातल्या साडीचा ते ऐकतेय. मी दोनदा वाचलं. पहिल्या ओळीत आजी शिवते, दुसऱ्या ओळीत तिनं शिवली, तिसऱ्या ओळीत पुन्हा शिवते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांचा जवळजवळ पत्ताच नाही, आणि असणार कसा? आपल्या भाषेत ती भानगडच नाही. पण मधेच एक वाक्य आहे : आजीनं निळ्या इरकलीला कात्री लावली नाही, ती घडी करून बाजूला ठेवली आणि का ते सांगितलं नाही. हे वाक्य लिहिणाऱ्या मुलीला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. परीक्षक जे शोधत असतात ते तिच्याकडे आहे. नाही ती भाषेवरची मांड, आणि ती बसायला वेळ लागतो. ईएएलडीचा वर्ग नेमका तो वेळ देतो.

आता वहिनींचं. ईएएलडी म्हणजे इंग्रजी ही अधिकची भाषा किंवा बोली असलेल्यांचा अभ्यासक्रम. कच्च्यांचा नव्हे. त्यातही साहित्य आहे, नाटक आहे, निबंध आहेत, शिवाय ऐकून उत्तरं लिहायची परीक्षा आहे. मागेल त्याला तो मिळतही नाही. अकरावी सुरू होण्यापूर्वी इंग्रजी माध्यमातलं शिक्षण पाच वर्षं किंवा त्याहून कमी झालेलं असावं लागतं. तुमच्या लेकीची अकरावी सुरू होईल तेव्हा अडीच वर्षं होतील, म्हणजे ती नियमात बसते. शाळा सोडल्याचा दाखला आणि सातवीपर्यंतची प्रगतीपुस्तकं, इंग्रजी भाषांतरासकट, आत्ताच शाळेत द्या. नंतर ऐनवेळी कागद शोधत बसायची वेळ येते. (पुण्यात केजीपासून इंग्रजी माध्यमात शिकून आलेल्या मुलांच्या पालकांनी मात्र हे वाचून हुरळून जाऊ नये, आधी शाळेशी बोलावं.) आणखी एक विचारून घ्या : तुमच्या शाळेत तो वर्ग खरोखर भरतो का? मुलं कमी असली तर काही शाळांत स्वतंत्र वर्ग निघत नाही.

विद्यापीठाचं म्हणाल, तर ईएएलडीची दोन युनिटं एटारमध्ये इंग्रजी म्हणून पूर्ण धरली जातात. प्रवेशाची यादी लागते ती एटारच्या क्रमानं. तुमची मुलगी कुठल्या इंग्रजीतून तिथे पोचली याची कुणी चौकशी करत बसत नाही. काही अभ्यासक्रमांना विषयांच्या अटी असतात आणि काही विद्यापीठं संबंधित विषयात चांगले गुण असले तर निवडीच्या वेळी वाढीव गुण देतात, म्हणून फिजिओथेरपी शिकवणाऱ्या ज्या दोन-चार विद्यापीठांवर तिचा डोळा आहे त्यांची पानं तिनं स्वतः उघडून वाचावीत. ‘अट’ आणि ‘गृहीत ज्ञान’ हे दोन वेगळे शब्द तिथे दिसतील. अट म्हणजे नसेल तर दार बंद. गृहीत ज्ञान म्हणजे नसेल तर पहिल्या वर्षी दमछाक. आणि पदवीनंतर नोंदणीच्या वेळी इंग्रजीची एक अट पुन्हा येते, पण ती किती वर्षं इंग्रजीतून शिकलात यावर किंवा इंग्रजीच्या परीक्षेवर असते. शाळेत कुठलं इंग्रजी घेतलं होतं, यावर नाही.

मेलबर्नला बहीण-बिहीण असेल तर तिचा सल्ला जपून घ्या. व्हिक्टोरियात परीक्षा वेगळी, तिथे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीत किमान 25 आणि ईएएलमध्ये (तिथलं ईएएलडी) किमान 30 असा अभ्यासगुण, म्हणजे त्या विषयाचा पन्नासपैकी गुण, मागतात. तो हिशेब इकडे आणून लावला की घरात नुसती भांडणं होतात. मी पाहिली आहेत.

राहिले मिस्टर. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की स्केलिंग, म्हणजे एटारसाठी निरनिराळ्या विषयांचे गुण एका पातळीवर आणणं, हे विषयाच्या अवघडपणाचं बक्षीस नाही. एखादा विषय घेणारी मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत, यावरून ते ठरतं. ॲडव्हान्स्ड घेणारी मुलं सरासरीनं इतर विषयांतही पुढे असतात, म्हणून तिथली सरासरी वर दिसते. मोठ्या तालमीत नाव घातलं म्हणून पोरगं पैलवान होत नाही, हे वाळवा तालुक्यातल्या माणसाला मी काय सांगायचं! ॲडव्हान्स्डमध्ये तळाला राहिलेल्या मुलीला तळाचेच गुण पडतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते गुण एटारमधून काढून टाकता येत नाहीत. शिवाय एचएससीचे निम्मे गुण शाळेतल्या वर्षभराच्या कामाचे. त्यात वर्गातला क्रम फार महत्त्वाचा असतो.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतेय असं वाटेल, म्हणून माझंही सांगते. माझ्या थोरल्यानं 2020 मध्ये बारावी केली. तो इथे पाचवीत आला होता, इंग्रजी बरं होतं, पण लिहायचा हात संथ. मी इंग्रजीची शिक्षिका, त्यामुळे ॲडव्हान्स्डशिवाय दुसरं नाव घरात काढायची सोय नव्हती. तेव्हाच्या अभ्यासक्रमात दुसरा पेपर दोन तासांचा, तीन उत्तरं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, आणि एक शेक्सपिअर असायचाच. स्वयंपाकघरात मी टायमर लावायची, चाळीस मिनिटांनी तो वाजायचा आणि त्याचं दीड पान झालेलं असायचं. विचार चांगला, पान अर्धं. अकरावीच्या अखेरीला अडुसष्टात एकसष्टावा आला. म्हणाला, आई, मी स्टँडर्डला जातो. मी म्हणाले, एवढ्यात काय हरतोस. इथे बारावी ऑक्टोबरातच सुरू होते, म्हणजे बारावीची पहिली चाचणी माझ्या हट्टापायी गेली. नाताळच्या सुट्टीत त्याच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलनं एकाखाली एक काढलेल्या रेघा दिसल्या. परीक्षेला किती आठवडे उरले ते मोजत होता. फेब्रुवारीत मी सहीला गेले. इतक्या उशिरा बदल करून घ्यायला तोंडाला फेस आला, पण झाला. स्टँडर्डमध्ये तो वर्गात चौथा राहिला, बँड पाचात बसला, आणि आज सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याला अजून कुणी विचारलेलं नाही की इंग्रजी कुठलं होतं. मीच कधीकधी विचारते, ‘तेव्हा राग आला होता का रे?’ तो विषय बदलतो.

तर ताई, फॉर्मवर ईएएलडीपुढे खूण करा, आणि सही करताना मिस्टरांना शेजारी बसवा. मुलीला कोपऱ्यात घेऊन एवढंच सांगा की एटार म्हणजे टक्के नव्हेत. तो क्रम आहे, 99.95 ला थांबणारा. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या पुतण्याचे ‘ब्याऐंशी टक्के’ सांगितले तर तिनं घाबरू नये. पुढची दोन वर्षं रोज वीस मिनिटं तिनं हातानं लिहावं, कागदावर पेननं. परीक्षेत इंग्रजीचे पेपर हातानंच लिहावे लागतात आणि लॅपटॉपवर वाढलेल्या मुलांची बोटं तासाभरात आखडतात. काळांची चूक एका रंगानं अधोरेखित करायची, ‘अ-ॲन-द’ची दुसऱ्या. दिवाळीपर्यंत एक रंग कमी झालेला दिसेल.

आणि ते पान तिनं पूर्ण करावं. निळ्या इरकलीचं पुढे काय झालं ते तिनं मधेच सोडलंय. मला वाचायचंय.